धारोष्ण

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या असतात. आधी रेडकू सोडायचं. ते कासेला दोन-चार ढुशा देतं, म्हैस पान्हावते, मग त्याला बाजूला ओढून गवळी धार काढायला बसतो. धार भांड्यात, भांड्यातून पेल्यात, वर बोटभर फेस. गिऱ्हाईक उभ्याउभ्याच पेला रिकामा करतं आणि मिशी पुसतं.

अशाच एका संध्याकाळी एक जुने पैलवान चार वर्षांच्या पणतवाला घेऊन तिथं आले. सोबत नात, पशुवैद्यकीचं शिकणारी. पेला पोराच्या ओठाला लागायच्या आत तिनं आबांचं मनगट धरलं.

"आबा, त्याला नको. कच्चं आहे."

"साठ वर्षं पितोय मी. मला काय झालंय?"

"ज्यांना झालं ते सांगायला कट्ट्यावर येत नाहीत."

आबा चिडले नाहीत. डाव पलटवायची सवय जुनी. "पिशवीतल्या दुधात काय असतं तुला दिसतं का? इथं म्हैस समोर, हात समोर. पाणी घालायला जागाच नाही."

मुद्दा खरा आहे. डोळ्यांदेखत धार काढून घेणं ही भेसळीला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकाची साधीसुधी तपासणीच. फक्त ती पाण्यापुरती चालते, जंतूंपुढं नाही. माल्टा बेटावर शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोरच दूध काढत. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना तापानं पछाडलं होतं. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या डॉक्टरनं त्या तापाचे जंतू शेळ्यांमध्ये शोधून काढले. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि तापही झपाट्यानं ओसरला. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. नातीनं हे सगळं सांगितलं, वर ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवण्याचं गणितही ऐकवलं.

"म्हणजे १९६३ साली गोकुळ दूध संघ निघाला तेव्हाच हा कट्टा उठायला पाहिजे होता म्हण की."

"उठवा कोण म्हणतंय? तुम्ही ज्या खासबागेत लढला, ते मैदान तरी कुठं आदिकाळापासून होतं? शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून बांधलं म्हणतात, १९१२ साली झालं. बदललं म्हणून काय बिघडलं?"

"मैदान बदललं. कुस्ती कुणी उकळून घेतली नाही."

इथं नात हसली, पण मनगट सोडलं नाही. "तुम्ही प्या की. जीव तुमचा, मर्जी तुमची. त्याला कुणी विचारलंय?"

"त्याचं नाव त्याला विचारून ठेवलं? मराठी विचारून शिकवली?"

"मराठीनं ताप येत नाही."

"अठराव्या वर्षी आणलास तर तो फोटो काढून जाईल. चव लहानपणीच लागते, पोरी."

पेच आहे तो इथंच. म्हातारा चुकीचं बोलत नाही. न विचारता, न कळत्या वयात हाती आलं तेच अंगात मुरतं. कळत्या वयात निवडलेलं बहुतेकदा हौस होऊन राहतं. पण कच्च्या दुधाचा धोकाही पाच वर्षांखालच्या पोरांनाच जास्त. परंपरा द्यायचं वय आणि जपायचं वय नेमकं एकच पडलं, तर कुणाचं ऐकायचं? प्रस्तुत लेखकाचं मत नातीकडं झुकतं. तरी आठवण म्हणून आबांजवळ जे आहे ते उकळलेल्या दुधातून पोराला मिळणार नाही, हेही कबूल केलं पाहिजे. आठवणींवर गहिवरून लिहिणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

नात गवळ्याकडं वळली. रेडीच्या कानातला पिवळा बिल्ला तिनं उलटून पाहिला. "हिला ब्रुसेलाची लस टोचली का? चार ते आठ महिन्यांतच द्यायची असते."

"टोचलीया की. सरकारी डॉक्टर आलेले."

"बघा आबा. ही मोठी झाली की निदान त्या माल्टाच्या तापाची भीती कमी."

आबांनी रेडीकडं पैलवान जोखावा तसं पाहिलं. "पहिलं वेत कधी धरायचं हिचं?"

"तीन-साडेतीन वर्षांनी."

"म्हणजे हा सात-साडेसातचा. चालेल. तेव्हा हिचं पाजू."

"टीबीची तपासणी करून."

"कर की. तोवर तू डॉक्टर झालेली असशील. फी घेऊ नको म्हणजे झालं."