एक कमी आहे

कर्म कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्ता हे एक आणि करण, म्हणजे साधन, हे दुसरे. परंतु ते साधन कर्त्याच्या हाती जो देतो, त्याची गणना कशात करावी? हा प्रश्न मला पोथी वाचताना नव्हे, तर गेल्या भाऊबिजेला बहिणीच्या ओटीवर पडला.

माझी बहीण भिवंडीजवळ वडपे गावी असते. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव आता गोदामांनी वेढलेले आहे. तिच्या शेजारची मुलगी त्या बाजूच्याच एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या दालनात टेक्निशियन आहे. श्रावणात बहिणीच्या नातवाचे अपेंडिक्स दुर्बिणीने काढले, तेव्हा शल्यविशारदाच्या शेजारी तीच उभी होती. फराळाची ताटली तिच्यापुढे ठेवीत बहीण म्हणाली, "काम झालं म्हणून निरोप आला, तरी पुढे किती वेळ ताटकळत ठेवलंत ग आम्हांला!" मुलगी हसली आणि सांगू लागली.

ही शस्त्रक्रिया जर्मनीतील कील येथे १९८० साली कुर्ट झेम यांनी प्रथम केली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले. ही नावे इतिहासात राहिली आणि ते योग्यच झाले. त्या वेळी त्यांच्या हाती साधने कोणी दिली, हे मात्र कोणी विचारीत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवायचे, बेंबीपाशी सेंटिमीटरभर आणि आणखी दोन ठिकाणी त्याच्या निम्म्याने छेद घ्यायचे, आणि पडद्यावर पाहत लांब दांड्याच्या चिमट्यांनी काम करायचे. डॉक्टरांची नजर पडद्यावरून हलता कामा नये. म्हणून पुढचे साधन त्यांनी मागण्याआधीच तयार हवे. थंड दुर्बीण उबदार पोटात गेली की तिच्या काचेवर वाफ धरते. तेव्हा ती आधी कोमट पाण्यात धरायची. अपेंडिक्सच्या आतल्या भागाला लागलेले हत्यार बाजूला काढायचे. ऐन वेळी पोट उघडावे लागलेच, तर त्याची हत्यारेही मांडून ठेवायची. आणि मोजायचे: आरंभी, छेद शिवण्याआधी, आणि शेवटी.

त्या दिवशी शिवण्याआधीच्या मोजणीत गॉजचा एक तुकडा कमी भरला. डॉक्टर म्हणाले, "मी आत काही ठेवलेलं नाही." ती म्हणाली, "सर, एक कमी आहे." पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. दुर्बीण परत आत घालून पाहिले. बादली पाहिली, जमीन पाहिली. अखेर तो तुकडा पायथ्याच्या निर्जंतुक चादरीच्या घडीत सापडला.

म्हणजे डॉक्टरांचेच खरे होते! मग तेवढा वेळ वाया गेला काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भुलीखालच्या मुलाचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि वीस वर्षांच्या अनुभवापुढे एका मुलीने हटून बसावे हे सहज पटणारे नाही. परंतु डॉक्टर सांगत होते ते त्यांना आठवत होते ते. ती सांगत होती ते समोर मोजलेले. दुर्बीण जे दाखविते ते मोठे करून दाखविते, पण थोडेच दाखविते. पोट उघडले असते तर हात फिरवून चाचपता आले असते. इथे तीही सोय नाही. जो एका बिंदूवर चित्त एकाग्र करतो, त्याच्या नजरेबाहेर बाकीचे सारे राहते, आणि ते बाकीचे सांभाळायला दुसरे कोणीतरी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी दिली, तिच्यातही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी पुरी झाल्याचे मोठ्याने सांगावयाचे असते. मनातल्या मनात जुळलेला हिशेब तिथे चालत नाही.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटली ना, काका. पण मी माझं मत थोडंच सांगत होते? आकडा सांगत होते. आमचे बाबा गोदामात खोकी मोजतात. तिथं एखादं कमी आलं तर पैसे भरून देता येतात. इथं काय भरून देणार?"

मग ती सहज आणखी एक गोष्ट बोलली. एकदा तिच्या हातमोज्याचे बोट टेबलाच्या कडेखाली लागले. कोणी पाहिले नव्हते. तिने तसे सांगितले, मोजे बदलले आणि डॉक्टरांचे दोन शब्द ऐकून घेतले. "न सांगितलं असतं तर बहुधा काही झालंही नसतं," ती म्हणाली.

त्या 'बहुधा'पाशी मी थबकलो. मी शिक्षक होतो. एके वर्षी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून सह्या केल्यावर एका पुरवणीतले गुण बेरजेत धरायचे राहिले, हे ध्यानात आले. गठ्ठा बांधून झाला होता, रात्र झाली होती. एवढ्याने बहुधा काही बिघडणार नाही, असे म्हणून मी दिवा मालवला. काही बिघडले की नाही, ते मला कधीच कळले नाही; ज्याचे बिघडले असेल, त्यालाही ते कळले नसेल.

चुकीची शिक्षा होते, म्हणून चूक टाळणे सोपे आहे. परंतु जिथे चांगले काम झाले याची खूण एवढीच की काहीही घडले नाही, तिथे स्वतःच्या शंकेवर दुसऱ्याचा वेळ खर्च करणे, आणि ती शंका फोल ठरली तरी पुढच्या खेपेस ती पुन्हा बोलून दाखविणे, याला मोठे बळ लागते. साधन देणारा हात कर्त्याचा की साधनाचा, याचा निवाडा पंडितांनी करावा. मला वाटते, ज्या क्षणी ती "एक कमी आहे" म्हणाली, त्या क्षणी त्या दालनातले कर्तेपण तिच्याकडे होते.

अंगणात नातू फुलबाजी घेऊन धावत होता. बहिणीने त्या मुलीच्या ताटलीत आणखी दोन करंज्या वाढल्या, आणि ती 'पुरे, पुरे' म्हणत असता मी मुकाट्याने माझा जुना हिशेब पुन्हा एकदा मोजून पाहत होतो.