छाती हालतीया की!

माणसाचा श्वास थांबवणं आणि काम झालं की त्याचा त्याला परत करणं, यावर माझं पोट चालतं. मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात. नातेवाइकांना वाटतं, आम्ही फक्त झोपवतो. पण पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला स्नायू सैल लागतात आणि त्यासाठी दिलेल्या औषधाला पोट आणि छाती असा भेद कळत नाही. एक-दोन मिनिटांत सगळंच लुळं पडतं, श्वाससुद्धा. तिथून पुढे त्या माणसाचे श्वास मी चालवते. मिनिटाला बारा द्यायचे की चौदा, किती मिलिलिटरचे, हेही मीच ठरवते. तरी इतकी वर्षं एक प्रश्न सुटलेला नाही: एरवी श्वास घेतं कोण?

आमच्या घरात हा प्रश्न माझ्याही आधीपासून आहे. माझे काका पावसच्या स्वामी स्वरूपानंदांच्या मार्गातले, म्हणजे नाथपंथातून आलेल्या सोऽहम् साधनेतले. श्वासाबरोबर तो जप आपोआप चाललेलाच असतो, साधकाने फक्त लक्ष द्यायचं. दिवसाचे श्वास 21,600, असं ही परंपरा सांगते. शाळेत असताना मी भागाकार करून पाहिला होता: 1,440 मिनिटं, मिनिटाला बरोबर 15. पुढे फिजिऑलॉजीच्या पुस्तकात निवांत बसलेल्या माणसाचा वेग मिनिटाला 12 ते 20 असा वाचला आणि सुट्टीत घरी आल्यावर मोठ्या उत्साहाने काकांना सांगितला. ते म्हणाले, "आकडा जुळला, बरं झालं. आता मोजणारा कोण ते सांग."

ऑपरेशन थिएटरमध्ये हा प्रश्न फार जवळून बघायला मिळतो. डाव्या हाताने लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेच्या कडेने आत सरकवायचं, मुळाशी टेकवायचं आणि उचलायचं. झडप वर जाते आणि दिव्याच्या उजेडात दोन मोतिया पट्ट्या दिसतात, वरच्या टोकाला जुळलेल्या, खाली फाकलेल्या. हे स्वरतंतू. बोलणं, रडणं, आरती म्हणणं सगळं यांच्यावर, पण आत्ता ते जराही हलत नाहीत. मधल्या फटीतून नळी घालायची. पलीकडे श्वासनलिका, तिला दोन फाटे, फाट्यांना पुन्हा फाटे. असे सुमारे 23 वेळा फुटत हवा कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोचते. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. सगळे वायुकोश उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर जागा लागेल, शहरातल्या टू बीएचके फ्लॅटएवढी.

एवढा पसारा मांडून फुफ्फुस स्वतः मात्र बसूनच असतं. श्वास ओढेल असा स्नायू त्याच्यात नाही. खालचं मध्यपटल खाली ओढलं जातं, बरगड्या उचलल्या जातात, छातीत जागा होते आणि हवा आत येते. मध्यपटलाला हुकूम देणाऱ्या नसा मानेतून निघतात. मानेला हुकूम येतो त्याच्याही वरून, ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून.

ऑपरेशन संपतं. औषधाचा अंमल उतरवणारं इंजेक्शन दिलं, स्नायूंना ताकद आली, तरी पेशंट श्वास घेईलच असं नाही. मी त्याला इतका वेळ भरभरून श्वास दिलेले असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो, देठाला कसली निकडच नसते. म्हणून मी हात आखडता घेते. श्वास विरळ देते आणि मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा तिशीच्या घरातून हळूहळू पंचेचाळीसकडे चढू देते. ऑक्सिजन या काळात भरपूर चालू असतो, त्याची तूट अजिबात नसते. थोड्या वेळाने माझ्या तळव्यातली रबरी पिशवी एकदम किंचित आत ओढली जाते. मी दाबलेली नसताना.

ही ओढ ऑक्सिजनसाठी नाही. एरवीही बहुतेक वेळा ती ऑक्सिजनसाठी नसते. देठाशेजारचं पाणी कार्बन डायऑक्साइडने जरा आंबट झालं की तिथल्या पेशी चाळवतात. दम रोखून बसल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः आपण स्वतः तयार केलेला वायू बाहेर टाकायची तगमग असते. म्हणून तर बुडी मारण्याआधी जोरजोराने श्वास घेणं धोक्याचं. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो. मग पाण्याखाली तगमग व्हायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध हरपते. शरीर मागणारच नसेल, तर जीव जाताना कळतही नाही.

या मागणीपुढे आपल्या इच्छेचं फार चालत नाही. हृदयाला थांब म्हणता येत नाही, श्वासाला म्हणता येतं, पण थोडाच वेळ. नुसता दम कोंडून कुणाला मरता येत नाही. शुद्ध गेली की देठ कारभार हातात घेतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात, तत्त्व जाणणारा माणूस जी कामं करूनही 'मी करत नाही' असं मानतो, त्यांच्या यादीत श्वास घेणंही आहे. बाकीच्या कामांबद्दल मला वाद घालता येईल. श्वासाच्या बाबतीत त्या पिशवीचा हिसका हाताला लागल्यावर वाद घालायला तोंड उरत नाही.

आता आयसीयूतलं. मोटारसायकलवरून पडलेला तरुण मुलगा, डोक्याला मार, व्हेंटिलेटरवर. ब्रेनस्टेम गेल्याची शंका आली की नातेवाइकांशी बोलावं लागतं. त्यांच्यातलं कुणीतरी वडीलधारं माणूस काचेतून आत बघत म्हणतं, "मॅडम, छाती हालतीया की! अंग गरम हाय. मग गेला कसं म्हणायचं?"

हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. नाकाशी कापूस धरून बघायचं, तो हलला तर जीव आहे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा. त्या परीक्षेत हा मुलगा पास होतो. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ब्रेनस्टेमच्या मृत्यूला मृत्यू मानलं. चार डॉक्टरांची समिती, तपासण्या दोनदा आणि मध्ये किमान सहा तास. 2011 च्या दुरुस्तीनंतर मेंदूचा डॉक्टर उपलब्ध नसेल तर अटी पाळून भूलतज्ज्ञही त्या समितीत बसू शकतो. डोळ्यांवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात गार पाणी असं सगळं झाल्यावर शेवटी श्वासाची परीक्षा येते. आधी शंभर टक्के ऑक्सिजन देऊन ठेवायचा. मग व्हेंटिलेटर सोडवायचा आणि नळीतून ऑक्सिजन चालूच ठेवायचा. चादर कमरेपर्यंत खाली. आठ-दहा मिनिटं सगळ्यांचे डोळे छाती आणि पोटावर. मग रक्त तपासायचं. कार्बन डायऑक्साइड साठच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे तुम्ही-आम्ही धापा टाकू इतका. आणि तरीही पोटाचा एक स्नायू उचललेला नसतो.

या परीक्षेत हवेची कमतरता कुठेच नसते. वायुकोश शाबूत, मध्यपटल शाबूत, ऑक्सिजन हजर. नसते ती फक्त मागणी. म्हणून मी त्या वडीलधाऱ्यांना सांगते, "छाती मशीन हलवतंय. त्याला स्वतःला आता श्वास लागत नाही." मशीन हवा देऊ शकतं, हवेची गरज देऊ शकत नाही. मला जर कुणी विचारलं की जिवंतपणा श्वासात कुठे आहे, तर मी त्या गरजेकडे बोट दाखवीन.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कठोपनिषद काढलं. त्यात यम नचिकेत्याला बजावतो की आत घेतलेला आणि बाहेर टाकलेला वारा माणसाला जगवत नाही. जगवतं ते वेगळंच काहीतरी, आणि हे दोन्ही वारे त्याच्या आधाराने असतात. साक्षात मृत्यूने मृत्यूची व्याख्या करताना श्वासाला बाजूला काढावं, हे मला फार मोलाचं वाटतं. व्हेंटिलेटरवरचं शरीर पाहून आपला जो गोंधळ उडतो तो धर्माने घातलेला नाही, एवढं यातून नक्की कळतं. पण 'म्हणजे ऋषींना ब्रेनस्टेम ठाऊक होता' असं म्हणणाऱ्यांच्या मांडवात मी बसणार नाही. यमाला ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते चार डॉक्टरांच्या सह्यांनी ठरणारं नाही. सह्या शरीरापुरत्या.

काकांची हरकत मात्र जोरकस आहे. ते म्हणतात, "साधना मुरली की श्वास मंद होतो, कुंभकात तर थांबतोच. मागणी कमी होते. तुझ्या हिशेबाने योगी अर्धा मेलेला?"

लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाला प्रयोगशाळेत आणलं. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो या लोकप्रिय समजाला त्यांनी थारा दिला नाही. ते बरोबरच होतं. निरोगी माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच पंच्याण्णव टक्क्यांच्या वर भरलेलं असतं, त्यात आणखी कोंबणार किती? मग कुंभकात मिळतं काय? मला वाटतं, तिथे मागणी येते, साधकाला ती ऐकू येते आणि तरी तो लगेच धावत नाही. आयसीयूतल्या त्या मुलाकडे ऐकायला काही आलेलंच नसतं. बाहेरून दोघांची छाती सारखीच स्थिर, आणि दोघांत जीवन-मरणाचं अंतर. श्वासात माणसाचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ते मागणी येणं आणि तिला उत्तर देणं यांच्यामधली ही थोडीशी सवड. बाकी सगळं आपल्या परवानगीशिवाय चाललेलं आहे. बाजारात रागाने तोंड उघडण्याआधी जो एक श्वास थांबू शकतो, त्याने या सवडीचा उपयोग केला. त्यासाठी योगी व्हायला हवं असं नाही.

काकांना हे निम्मंच पटलं आहे. ऐकणारा देठात बसलेला नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे पुरावा नाही आणि खरं ठरवायलाही नाही. वाद चालू आहे. देठ दोघांचेही शाबूत आहेत, तोवर तो चालू ठेवायला हरकत नाही.