कर्जदाराची काटकसर

हलाल कमाईवर कमावणाऱ्याचा हक्क असतो. मात्र कर्जदाराच्या कमाईत आणखी एकाचा वाटा असतो. म्हणून कर्जदाराची काटकसर हा त्याग नव्हे. ती दुसऱ्याच्या हक्काची राखण आहे.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) उसनवारी लिहून ठेवण्याविषयी आहे. कर्ज बाकी ठेवून मरण पावलेल्या एका व्यक्तीच्या जनाज्याची नमाज प्रेषितांनी (स.) स्वतः पढविली नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज फेडण्याची हमी घेतली, तेव्हाच पढविली.

आणि आपण? देण्याची मुदत उलटून गेलेली असताना वलीम्यात पाच पदार्थ वाढतो, नफिल उमऱ्याची तयारी करतो. ही मेजवानी नेमक्या कोणाच्या पैशाने होते, हे स्वतःला विचारा. रोजचे ५० रुपये वाचवले, तर वर्षाला १८,२५० रुपये होतात.

मुलांची भाकरी वा आजाऱ्याचे औषध तोडावे, असे नव्हे. कुरआनने उधळपट्टी आणि कंजुषी दोन्ही नाकारल्या आहेत (सूरह फुरकान, ६७). अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची आज्ञाही आहे (बकरा, २८०). परंतु ती सवड अडचणीसाठी आहे, हौसेसाठी नव्हे. ऐपत असूनही चालढकल करण्याला प्रेषितांनी (स.) जुलूम ठरविले आहे.

तेव्हा आजच वही उघडा, कोणाचे किती देणे आहे ते लिहा आणि पहिली रक्कम पोहोचती करा. अल्लाह आपणा सर्वांना ऋणमुक्त होण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.