वस्तूंचा मान

निर्जीव वस्तूचा अपमान होऊ शकतो काय? तर्कशास्त्राला विचारले तर उत्तर सोपे आहे. ज्याला मन नाही त्याला मान कसला? तरीही पुस्तकाला चुकून पाय लागला की आपला हात आपोआप आधी पुस्तकाकडे आणि मग कपाळाकडे जातो. तर्क एक सांगतो, हात दुसरेच करतो. हा हात भोळा म्हणायचा की तर्काला न कळणारे काही त्याला कळते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. एका मिनिटाच्या एका जाहिरातीमुळे हाच प्रश्न २०२४ साली जगातील लाखो माणसांपुढे उभा राहिला. म्हणून त्या प्रकरणाचा थोडा विचार करावा असे वाटते.

अमेरिकेतील ॲपल कंपनीने ७ मे २०२४ रोजी आपला नवा आयपॅड लोकांपुढे आणला. वस्तू म्हणून ती खरोखरच नवलाची होती. मोठ्या आकाराच्या या पाटीची जाडी अवघी ५.१ मिलिमीटर! कंपनीने तोवर बनवलेल्या वस्तूंत इतकी सडपातळ दुसरी नव्हती. तिचा हा गुण लोकांच्या मनावर ठसावा म्हणून एक जाहिरात तयार करण्यात आली. एका भल्यामोठ्या पोलादी दाबयंत्राखाली नाना वस्तू मांडून ठेवल्या आहेत. ताल मोजणारा मेट्रोनोम टकटकतो आहे, ध्वनिमुद्रिका फिरते आहे, पियानो, गिटार आणि ट्रम्पेट आहे, रंगांचे डबे, पुस्तके, कॅमेऱ्याची भिंगे आहेत, मातीत घडवलेला मानवी मुखवटाही आहे. पार्श्वभूमीला एक जुने प्रेमगीत चालू असते आणि वरून यंत्राचा जबडा सावकाश खाली येतो. ट्रम्पेट वाकते, पियानोच्या चिरफळ्या उडतात, रंगांचे ओघळ वाहू लागतात. जबडा मिटतो, पुन्हा उघडतो आणि आत दिसतो तो चकचकीत, पातळ आयपॅड.

सांगायचे होते ते एवढेच : हे सारे आता या एका वस्तूत मावले आहे. पण पाहणाऱ्यांनी निराळेच ऐकले. ह्यू ग्रँट या इंग्रज नटाने तर हा मानवी अनुभवाचाच विध्वंस असल्याचे म्हटले आणि त्याचे श्रेय उपरोधाने सिलिकॉन व्हॅलीला दिले. चित्रकार, वादक, लेखक साऱ्यांनी नापसंती दाखवली. जपानमधूनही तीव्र विरोध झाला. ज्या देशात मोडलेल्या सुयादेखील फेकून न देता वर्षातून एकदा देवळात नेऊन मऊ तोफूत टोचतात आणि त्यांच्या कष्टांबद्दल आभार मानतात, तिथल्या माणसांना हे दृश्य कसे सोसावे? शेवटी दोनच दिवसांनी, आपला नेम चुकला असे सांगून कंपनीने क्षमा मागितली. ही जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली जाणार नाही असेही तिने सांगून टाकले. प्रतिस्पर्धी सॅमसंगनेही संधी साधली. त्या ढिगाऱ्यात शिरून एक तरुणी मोडकी गिटार उचलते आणि वाजवू लागते, अशी चित्रफीत त्यांनी काढली. तिच्यासमोर स्वरलिपी मात्र त्यांच्याच पडद्यावर होती, हे सांगायला नकोच!

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एखादा म्हणेल, त्या वस्तू कोणाच्या घरातून ओढून आणल्या नव्हत्या, कोणाला इजा झाली नाही. मग हा आक्रोश कशासाठी? आणि वस्तू मोडण्याचे वावडे कलावंतांना तरी कुठे आहे? जिमी हेंड्रिक्सने १९६७ च्या जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात आपली गिटार भर रंगमंचावर पेटवून दिली. श्रोते भारावून गेले, आणि तो प्रसंग आजही मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मग तिथे कौतुक आणि इथे संताप, हा कुठला न्याय?

हा आक्षेप वरवरचा नाही. पण त्याचे उत्तर त्या प्रसंगातच आहे असे मला वाटते. हेंड्रिक्सने जी गिटार जाळली ती त्याच्या हातातली होती, क्षणापूर्वीच तिच्यातून त्याने सूर काढले होते. ज्याने वस्तूवर प्रेम केले त्याने तिला निरोप दिला. आपल्याकडे दहा दिवस पूजलेला गणपती आपण स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडतो. मूर्ती विरघळते, पण त्याला कोणी विध्वंस म्हणत नाही, विसर्जन म्हणतात. विसर्जनात डोळे पाणावतात. त्या दाबयंत्रापाशी कोणाचेही डोळे पाणावले नव्हते. तिथे माणूसच नव्हता.

आणखी एक तुलना मला बोलकी वाटते. याच कंपनीने २२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत एक जाहिरात दाखवली होती. तिचे दिग्दर्शन रिडली स्कॉट यांचे. करड्या कपड्यांतील, मान खाली घातलेल्या माणसांचा समुदाय एका प्रचंड पडद्यावरील हुकूमशहाचे भाषण ऐकत बसला आहे. इतक्यात एक तरुणी धावत येते आणि हातातला घण फेकून तो पडदा फोडते. तिथेही मोडतोडच होती, पण लोक आनंदले. कारण घण एका एकट्या बाईच्या हातात होता आणि तो पडला होता बलाढ्य सत्तेवर. चाळीस वर्षांनंतर घणाची जागा पोलादी जबड्याने घेतली आणि त्याच्याखाली आले ते एक वाद्य, एक पुस्तक, एक रंगाचा डबा. ज्या कंपनीने एके काळी दुबळ्याच्या बाजूने घण उचलला, तीच आता स्वतः जबडा होऊन आली, असा तो देखावा झाला. माणसाला मोडतोडीचा राग येतोच असे नाही, मोठ्याने लहानाला चिरडल्याचा मात्र येतो.

शिवाय वाद्य म्हणजे केवळ लाकूड आणि तारा नव्हेत. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे निवडायचे, ते महिनोन् महिने वाळवायचे, त्यांवर लाकूड बसवायचे, आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची, ती अशी, की तार नुसती वाजू नये, गुंजत राहावी. हे काम मापाने होत नाही, कानाने होते, आणि तो कान बापाकडून मुलाकडे येतो. तंबोऱ्यात अशा पिढ्या साठवलेल्या असतात. त्यावर वाजवणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा रियाज आणखी चढतो. पुस्तकाला पाय लागल्यावर कपाळाकडे जाणारा हात कागदाला नमस्कार करीत नाही. त्या कागदात साठलेल्या कष्टांना करतो. वस्तूला मन नसेल, पण ती दुसऱ्याच्या मनाची ठेव असते. ठेवीचा अपमान हा ठेवणाऱ्याचा अपमान होय.

त्या संतापात पोटाची धास्तीही होती, हे विसरून चालणार नाही. आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, हॉलीवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, नटही पुढे त्यांत सामील झाले. यंत्राने लिहिलेल्या संहिता आणि यंत्राने उठवलेले चेहरे आपली भाकरी हिरावून घेतील, ही भीती त्या संपाच्या मागण्यांत उघड दिसत होती. अशा माणसांनी ती जाहिरात पाहिली तेव्हा दाबयंत्राखाली त्यांना पियानो दिसला नाही, स्वतःची बोटे दिसली.

तथापि, आपण सारे रागावणारे तरी निर्दोष आहोत काय? घरातले गजराचे घड्याळ कुठे गेले? रेडिओ, कॅमेरा, फोटोंचे अल्बम, पत्त्यांची वही? कोणत्याही यंत्राने त्यांना चिरडले नाही. आपणच ते एकेक करून खिशातल्या फोनमध्ये विसर्जित केले, आणि तेही कोरड्या डोळ्यांनी. मग त्या जाहिरातीचा अपराध एवढाच की काय, की जे आपण गुपचूप करतो ते तिने उघड करून दाखवले? आरशावर रागावण्यातला हा प्रकार तर नव्हे?

हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. मी शाळामास्तर आहे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. रंगपेटी घेण्याची त्याच्या घरची ऐपत नाही, पण बापाच्या जुन्या फोनवर बोटाने तो अशी चित्रे काढतो की पाहत राहावे. त्या मुलापुढे मी यंत्राची निंदा कोणत्या तोंडाने करू? त्याला जे कोणी दिले नाही ते यंत्राने दिले. (नवा आयपॅड मात्र त्याच्यासाठी नव्हता. भारतात त्याची किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली होती!) आणि त्याच शाळेच्या कपाटात एक बाजाची पेटी आहे. तिच्या भात्याला उंदरांनी भोके पाडली आहेत. तिच्यावर कोणी दाबयंत्र सोडले नव्हते, ती नुसती वाजवली गेली नाही, एवढेच.

म्हणून मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जुने जाणे हा काळाचा धर्म आहे, तो तोटा प्रत्येक पिढीला सोसावा लागतो. पण तोटा सोसणे निराळे आणि तोट्याचा सोहळा करणे निराळे. दुष्काळात शेतकऱ्याला बैल विकावा लागतो. त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. पण तोच शेतकरी बैलाच्या गळ्यातली घुंगरे काढून बाजारात हसत नाचू लागला तर आपल्याला त्याची भीती वाटेल. त्या जाहिरातीने तोट्याचा सोहळा केला, आणि लोकांच्या मनाने तो नाकारला. हा नकार मला आशेचा वाटतो. पण नुसत्या नकाराने पेटी वाजत नाही. कंपनीने दोन दिवसांत क्षमा मागितली, आपण आपल्या कपाटांची क्षमा कधी मागणार?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांतून चोपड्या पूजल्या जातात. अलीकडे कितीतरी पेढ्यांवर चोपडीच्या शेजारी संगणकही मांडलेला दिसतो, आणि त्यालाही हळदकुंकू लागते. सुशिक्षित माणसे याला हसतात. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. नव्याला जागा द्यायची, पण त्यासाठी जुन्याला चौरंगावरून ढकलायचे नाही. दोघांनाही मान द्यायचा, कारण दोघांतही कोणा माणसाचे कष्ट आहेत. त्या ५.१ मिलिमीटरच्या पाटीतही ते आहेतच. ती घडवणाऱ्या शेकडो कुशल हातांचा मान वाढवण्यासाठी एक पियानो चिरडावा लागावा, यात त्या हातांचाही गौरव झाला असे मला वाटत नाही. दुसऱ्याला लहान केल्याशिवाय ज्याला मोठे दिसता येत नाही, त्याच्या मोठेपणाविषयीच शंका येते. माणसांच्या बाबतीत हे आपण केव्हाच शिकलो आहोत, वस्तूंच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.