पल्ला आणि जबाबदारी

शक्तीचे माप कोठे घ्यावे? ती जेथून सुटते तेथे, की जेथे जाऊन आदळते तेथे? प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा आहे. परंतु मोठ्या व्यासाच्या हवाबंदुकांच्या दूरवरच्या माऱ्याचा विचार करू लागले म्हणजे त्याच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न आढळतो. त्याचाच येथे थोडा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

हवाबंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतील फुगे फोडण्याची बंदूक येते. फार तर अंजली भागवत व सुमा शिरूर यांच्यामुळे परिचित झालेली दहा मीटरांवरील नेमबाजी आठवते. तेथील छर्रा अवघा अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदास पावणेदोनशे मीटर वेगाने सुटतो आणि त्याची ऊर्जा सात-आठ जूल भरते. हलका आणि मध्ये आवळलेल्या आकाराचा असल्यामुळे हवा त्यास लवकर थकविते. मोठ्या बंदुकीची गोष्ट निराळी. साडेअकरा मिलिमीटर व्यासाची, बावीस-तेवीस ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदास २३० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा ६०० जुलांच्या घरात जाते. वेगात फरक थोडा. परंतु जड वस्तूस हवा सहजासहजी आवरू शकत नाही, आणि शंभर मीटरांवरही त्या शक्तीचा बहुतेक भाग तिच्यापाशी शिल्लक राहतो.

आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनी ४.५ मिलिमीटर व्यास आणि २० जूल ऊर्जा अशी मर्यादा आखली असून त्यापलीकडच्या हवाबंदुकीस परवाना लागतो. ही ऊर्जा नळीच्या तोंडापाशी मोजावयाची. कायद्यास कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि तोंडापाशी ती ओढणे सोयीचेही आहे. तथापि तोंडापाशी सारखीच ऊर्जा असलेल्या दोन गोळ्यांपैकी हलकी शंभर मीटरांवर निस्तेज होते, जड होत नाही. त्यातून हवेच्या टाकीतील दाब प्रत्येक बारागणिक उतरतो. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० मध्ये स्वीकारलेली जिरार्दोनीची हवाबंदूक एका भरणीत तीसेक बार काढी; पण शेवटच्या बारांत पहिल्याचा जोर नसे. शिवाय गोळी सारखी खाली झुकत असते. वर सांगितलेली गोळी शंभर मीटरांत सुमारे एक मीटर, तर दोनशे मीटरांत चार मीटरांच्या आसपास खाली येते. म्हणजे दोनशे मीटरांच्या अंदाजात दहा मीटरांची चूक झाली, तरी नेम जवळजवळ वीतभर चुकला!

यावरून दिसून येईल की अशा बंदुकीस दोन पल्ले असतात. एक नेमाचा, म्हणजे जेथवर नेमबाज खात्रीने वेध घेऊ शकतो तो. दुसरा इजेचा, म्हणजे जेथवर गोळी कोणासही जखमी करू शकते तो. पहिला शे-दीडशे मीटरांत संपतो. दुसरा, नळी थोडी वर उचलली गेली तर, किलोमीटराच्याही पुढे जातो. बंदुकीचा अभिमान बाळगणारे पहिल्या पल्ल्याविषयी बोलतात. जबाबदारी मात्र दुसऱ्याने मोजली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल की माणूस आपल्या हेतूपुरताच उत्तरदायी आहे. हात कसलेला असला आणि हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे. या म्हणण्यास रामायणाने फार पूर्वी उत्तर देऊन ठेविले आहे. दशरथाचा हात कसलेला नव्हता काय? शब्दवेधी बाण जेथे जावयाचा तेथेच गेला. घागर भरण्याच्या आवाजास तो हत्तीचा आवाज समजला, आणि श्रावणाचे प्राण गेले. नेमात तिळमात्र चूक नव्हती. चूक होती पलीकडचे टोक न पाहता बाण सोडण्यात. दुसरे उदाहरण इतिहासातील आहे. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस मेरिवेदर लुईस याने अमेरिकेतील ओहायो नदीच्या एका बेटावर जमलेल्या मंडळींस आपली हवाबंदूक दाखविली. ती जिरार्दोनीच्याच जातीची असावी, असे मानतात. त्याने स्वतः ५५ यार्डांवर सात बार बऱ्यापैकी साधले. मग बंदूक एका अनभिज्ञ गृहस्थाच्या हाती गेली, तिचा बार आपोआप उडाला, आणि सुमारे ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या कानशिलास गोळी चाटून गेली. सुदैवाने ती वाचली. लुईसने शक्ती अजमाविली होती ती लक्ष्यापुरती. ती स्त्री त्याच्या हिशेबात नव्हती.

आता हा हिशेब आपल्या दारी मांडून पाहू. हिंदमातेच्या चौकात उभे राहून एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले, तर त्यात केईएम येते, टाटा रुग्णालय येते, दादर-परळच्या चाळींच्या गॅलऱ्या येतात, आणि १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालयही येते. या वर्तुळात रिकामी म्हणावी अशी दिशाच नाही. जेथे प्रत्येक दिशेस कोणाचे तरी घर वा कोणाची तरी रुग्णशय्या आहे, तेथे इजेचा पल्ला ही केवळ कागदावरची संख्या राहत नाही.

म्हणून लहान बंदूक निरुपद्रवी ठरते, असेही नव्हे. गिरगावातील खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी बाळपणी खेळण्यातल्या हवाबंदुकीने एक चिमणी मारली. गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याचे कुतूहल त्यांस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले, आणि देशास एक थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. परंतु हा लाभ त्या चिमणीच्या खाती जमा होत नाही. फळीच्या दृष्टीने जी शक्ती क्षुल्लक, तीच चिमणीच्या दृष्टीने मृत्यू. शक्ती मोठी की लहान, हे ती सोसणाराच्या मानाने ठरते.

आणि हे बंदुकीपुरतेच खरे आहे काय? लेखणी, अधिकार व संपत्ती यांचे सामर्थ्यही आपण उगमापाशीच मोजीत असतो; दूरवर ते कोणास लागते, हे पाहावयास आपल्यापैकी कितीजण जातात? ज्यास आपल्या शक्तीचा पल्ला खरोखर जाणून घ्यावयाचा असेल, त्याने नळीच्या तोंडापासून उठून पलीकडच्या टोकास जावे, आणि तेथे उभे राहून मागे वळून पाहावे.