वाहनाविषयीं विश्वासू कारभारीपण



लूककृत शुभवर्तमानाच्या चवदाव्या अध्यायांत प्रभु येशूनें बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. त्या मनुष्यानें पहिलें काम कोणतें करावें? दगड फोडावे काय? गवंडी बोलवावे काय? नाहीं. त्यानें आधीं खालीं बसावें आणि खर्चाचा अंदाज घ्यावा. नाहींतर पाया घालून काम अडेल आणि येणारेजाणारे हंसतील. प्रभूनें हा दाखला शिष्यपणाच्या किंमतीविषयीं सांगितला, हें आम्ही जाणतों. तथापि जो मनुष्य घरच्या लहान गोष्टींत बसून हिशेब करीत नाहीं, तो मोठ्या गोष्टींत करील अशी आशा कशी बाळगावी? म्हणून आज एका अगदीं व्यवहाराच्या प्रश्नाविषयीं बोलावें, असें आम्हीं योजिलें आहे.

पानशेतच्या खोऱ्यांतील एका कुटुंबानें हा प्रश्न आम्हांपुढें ठेविला. दारांतली मोठी जीप देऊन कमी इंधनांत चालणारी लहान मोटार घ्यावी काय? घरांत दोन मतें पडलीं होतीं. थोरला मुलगा म्हणे, "पाळकसाहेब, घरांत येणारा निम्मा पैसा त्या टाकींत जातो. धाकट्या बहिणीची परिचारिकेच्या शाळेची फी कोठून भरावी?" त्याची आई म्हणे, "साहेब, पावसाळ्यांत रात्रीं कोणी बाई अडली, कोणाला पान लागलें, तर सारी वाडी आमच्याच दाराशीं येते. लहान मोटारींत त्यांना कोठें निजवूं?" दोघांचेंहि बोलणें खरें होतें आणि दोघांच्याहि मनांत प्रीति होती. बरें आणि वाईट ह्यांतून निवड करणें सोपें. परंतु दोन बऱ्या गोष्टींतून एक निवडावयाची असतां प्रार्थनाहि लागते आणि हिशेबहि लागतो.

पुण्याहून खडकवासला, डोणजे, खानापूर ह्या वाटेनें पानशेत सुमारें ४० किलोमीटर पडतें. पुढच्या वाड्या डोंगराच्या कुशींत विखुरलेल्या आहेत. वेल्ह्याकडे जावयाचें तर पाबे घाट चढावा लागतो. अशा मुलुखांत वाहन ही चैन नव्हे, हें आम्ही मान्य करतों. कोणी म्हणेल, मोटारीच्या तेलाचा विषय उपासनेंत कशाला? तर त्यांनीं योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पाहावा. पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले. जो भाकरी वाढवूं शकत होता, त्यानें तुकडाहि वायां जाऊं दिला नाहीं. मग ज्यांना तेलाचा एक थेंबहि निर्माण करतां येत नाहीं, त्यांनीं तें कसें वापरावें बरें?

हें तेल भूमीच्या पोटांत तयार होण्यास लाखों-कोटी वर्षें लागलीं, आणि आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक परदेशांतून येतें. दूर देशीं लढाई पेटली कीं आपल्या वाडीच्या भाड्याचा दर वाढतो. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलावर नियंत्रण आलें तेव्हां ह्या देशांत कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, जगांत भाव कांहीं महिन्यांत सुमारें चौपट झाला, आणि दरवाढीच्या निषेधार्थ श्री. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडींत बसून संसदेस गेले. जी वस्तु आपल्या हातांत नाहीं, तिच्यावर घराचा सारा संसार टांगून ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

आतां आपण खालीं बसूं आणि हिशेब करूं. सोयीसाठीं असें धरूं कीं, मोठी गाडी लिटरमागें १० किलोमीटर जाते, लहान २० जाते, आणि इंधन शंभर रुपये लिटर आहे. वर्षांत १२,००० किलोमीटर फिरणें झालें, तर मोठीला १,२०० लिटर लागतील आणि लहानीला ६००. वांचले ६०० लिटर, म्हणजे ६०,००० रुपये. परंतु ज्या घराची गाडी वर्षांत ४,००० किलोमीटरच फिरते, त्यांचे केवळ २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये वांचतात. अशा घरानें नव्या गाडीसाठीं चार लाखांचें कर्ज शेंकडा दहा दरानें काढलें, तर पहिल्या वर्षाचें व्याजच सुमारें ४०,००० होईल, मुद्दल वेगळेंच. तेल वांचविण्याकरितां त्यांनीं तेलाहून महाग वस्तु विकत घेतली, असें होईल. बंधूंनो, सावकाराचा उंबरठा झिजविणाऱ्यांचे हाल आपण आपल्या गांवांत पाहिले आहेत. पेढीचें कर्ज गोड बोलून येतें, तरी तें कर्जच होय.

ह्या हिशेबांत आणखी एक गोष्ट आहे. ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. लिटरमागें ८ किलोमीटर जाणारी गाडी देऊन १२ जाणारी घेतली, तर १२,००० किलोमीटरांत ५०० लिटर वांचतात. २० जाणारी देऊन २४ जाणारी घेतली, तर वाढ तेवढीच चार किलोमीटरांची, पण वांचतात केवळ १०० लिटर. म्हणून ज्याची गाडी अतिशय तेल पिते, त्यानें बदलाचा विचार आधीं करावा. ज्याची बेताची आहे, त्यानें शेजाऱ्याची नवी मोटार पाहून उतावीळ होऊं नये.

गाडीचा हिशेब करतांना गाडींतील माणसेंहि मोजलीं पाहिजेत. मोठ्या गाडींत नऊ जणें बसून एका लिटरांत १० किलोमीटर गेलीं, तर त्या लिटरानें एकंदर ९० किलोमीटरांचा प्रवास घडविला. लहान मोटारींत दोघेच बसून २० गेले, तर तो ४० चाच झाला. भरलेली जीप रिकाम्या मोटारीहून काटकसरी आहे! परंतु त्याच जीपमध्यें एकटा मनुष्य बसून पुण्यास गेला, तर नऊ जणांचें तेल त्यानें एकट्यानें जाळलें. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, ह्यांच्यामध्यें सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. तेव्हांपासून आमच्या खेड्यांना ठाऊक आहे कीं, एकाच इंजिनामागें पन्नास माणसें बसलीं म्हणजे गरिबालाहि प्रवास परवडतो. एकटें जाणाऱ्यासाठीं सार्वजनिक गाडी सर्वांत कमी तेलाची होय.

आतां धुराविषयीं. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायु होतो. डिझेलचा सुमारें २.७ किलो. लिटरभर तेलाचें वजन किलोभरहि नसतां इतका वायु कसा होतो, असें कोणी विचारील. तेलांतला कार्बन हवेंतल्या प्राणवायूशीं जोडला जातो आणि त्या प्राणवायूचें वजन त्यांत मिळतें, म्हणून. १,२०० लिटर डिझेल जाळणारी जीप वर्षांत तीन टनांहून अधिक वायु सोडते. ६०० लिटर पेट्रोल जाळणारी मोटार दीड टनाहून कमी. हा वायु डोळ्यांस दिसत नाहीं. पण त्यानें पृथ्वीभोंवतीं ऊब कोंडते, आणि अवर्षण व अतिवृष्टि ह्यांचे प्रसंग वाढतात, असें शास्त्रज्ञ सांगतात.

पानशेतच्या लोकांना हा धडा समजणें कठीण नाहीं. आंबी नदीवरील मातीच्या धरणाचें काम पुरें झालें नसतां त्यांत पाणी सांठलें, आणि १२ जुलै १९६१ रोजीं तें धरण फुटलें. जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून बांध तगविण्याची शिकस्त केली; तरी लोंढा खालीं आला, खडकवासल्याचेंहि धरण गेलें, आणि पुण्यांत मुठेकाठचीं हजारों घरें पाण्याखालीं गेलीं. फुटलें वर आणि बुडालें खालीं! ज्यांनीं तें धरण बांधलें नव्हतें, ज्यांना त्याचा आराखडाहि ठाऊक नव्हता, त्यांचे संसार वाहून गेले. आज आपण जें जाळतों, त्याचीहि किंमत अशाच खालच्या लोकांवर पडते: कोरडवाहू शेतकऱ्यावर, समुद्रकांठच्या कोळ्यावर, आपल्या नातवंडांवर. शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा डोळ्यांसमोरच्या शेजाऱ्यापुरती आहे काय?

तथापि उताविळीनें गाडी विकल्यानें धूर नाहींसा होतो असें नाहीं. विकलेली जीप दुसऱ्या कोणाच्या दारांत उभी राहून तोच धूर काढीत राहते. नवी मोटार घडवावयास लोखंड व वीज लागते, आणि तिचें चाक एकदां फिरण्यापूर्वींच कित्येक टन वायु हवेंत गेलेला असतो. म्हणून जुनी गाडी केव्हां सोडावी, ह्यालाहि काळवेळ आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. २०२१ सालच्या सरकारी धोरणानें जुन्या गाड्या रीतसर मोडीत काढण्याची व्यवस्थाहि झाली आहे. तो टप्पा आला म्हणजे बदल करणें बहुधा सर्वांत सयुक्तिक होतें.

शेवटीं अंतःकरणाची झडती घ्यावी. अनुवादाच्या सतराव्या अध्यायांत इस्राएलाच्या राजानें घोड्यांचा बडेजाव वाढवूं नये, असें बजावलें आहे. आणि आपला राजा यरुशलेमांत आला तो मागून आणलेल्या शिंगरावर बसून. आमच्यांत मात्र कित्येकदां गाडीच्या उंचीवरून माणसाची उंची मोजतात. लग्नांत कोणाची गाडी मांडवापर्यंत आली, ह्याची चर्चा होते. मोठी गाडी राखण्यांत गर्व असूं शकतो. तसाच नवी कोरी लहान मोटार घेऊन "आम्ही तेल वांचवितों" असें मिरविण्यांतहि असूं शकतो. दयाळू शोमरोन्याची आठवण करा. त्यानें जखमी मनुष्याला आपल्या जनावरावर बसविलें. तें जनावर केवढें होतें, हें शुभवर्तमानांत सांगितलेलें नाहीं. त्यावर कोणाला बसविलें, तेवढें सांगितलें आहे.

त्या कुटुंबाला आम्हीं एवढेंच सुचविलें: "तीन महिने गाडींत एक वही ठेवा. प्रत्येक फेरीला तारीख, अंतर, तेल आणि माणसें लिहा. मग एकत्र बसून प्रार्थना करा आणि वही उघडा." त्यांनीं तसें केलें. वहींत दिसून आलें कीं, बहुतेक फेऱ्या थोरल्या मुलाच्या एकट्याच्या होत्या. आईच्या म्हणण्याप्रमाणें रात्रींच्या फेऱ्याहि होत्या. त्या थोड्या होत्या, पण एकहि टाळतां येण्याजोगी नव्हती. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रांत चालू आहे. पण डोंगरांतल्या वाडीपर्यंत तिला पोंचावयास वेळ लागतो.

वही वाचून झाल्यावर मुलगा आपण होऊन म्हणाला, "आई, एकट्याचें काम असेल तेव्हां मी सार्वजनिक गाडीनें जाईन." त्यामुळें तेलाचा खर्च पुष्कळ उतरला आणि बहिणीची फी वेळेवर भरली गेली. जीपचीं पंधरा वर्षें पुरीं होतील तेव्हां ती मोडीत द्यावी, आणि तोंवर सांठलेल्या पैशांतून, कर्ज न काढतां, लहान मोटार घ्यावी, असें ठरलें. आईची काळजी तेवढी उरली होती. तिनें स्वतः गांवांतील दोन घरीं जाऊन विचारलें. ते आमच्या मंडळींतील नव्हेत, पण त्यांच्याकडे मोठ्या गाड्या आहेत. रात्रीं हांक आली तर आम्ही येऊं, असें दोघांनींहि वचन दिलें. जें ओझें एका घरावर होतें, तें तीन घरांनीं वांटून घेतलें.

प्रत्येक घराचा निर्णय असाच होईल, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांची गाडी रोज भरून जाते, त्यांनीं ती निःशंक राखावी. ज्यांची रिकामी धांवते आणि फार तेल पिते, त्यांनीं बदल टाळूं नये. पण गाडी कोणतीहि असो, कांहीं गोष्टी उद्यांपासून सर्वांस करतां येतील. चाकांत हवा बरोबर ठेवावी. मोकळ्या रस्त्यावर वेग ताशीं ४५ ते ५५ किलोमीटरांच्या आंत राखावा. उभें राहावयाचें असतां इंजिन बंद करावें. टपावरील विनाकारण ओझें उतरवावें. घाट उतरतांना तेल वांचेल म्हणून गियर काढूं नये. आतांच्या इंजिनांत गियर असतांनाच तेल थांबतें, आणि गियर काढल्यानें ब्रेकवर सारा भार पडून प्राण जातात.

उपदेशक बंधूंना आमची विनंति आहे कीं, येत्या प्रभुवारीं उपासनेनंतर मंडळीला बसवून घ्यावें आणि एवढें विचारावें: ह्या आठवड्यांत कोणाची गाडी रिकामी गेली, आणि कोणाला जागा हवी असतां मिळाली नाहीं? त्या दोघांची गांठ घालून देणें हेंहि सेवेचेंच काम आहे.

आमच्या हातीं दिलेलें सर्व कांहीं प्रभूचें आहे; त्याचा हिशेब एके दिवशीं त्यालाच द्यावयाचा आहे. तोंवर नीट मोजण्याची बुद्धि आणि मोकळ्या हातानें वांटण्याचें मन तो आपणां सर्वांस देवो. आमेन.