विझलेल्या चुलीचे धुरांडे

इंग्लंडमधल्या अनेक जुन्या घरांच्या परसात कपडे धुण्याची वेगळी खोली असे. तिच्यात पाणी तापवायला विटांच्या चुलाण्यात बसवलेले मोठे भांडे आणि त्या चुलाण्यापुरते एक धुरांडे. वॉशिंग मशीन आले, चूल विझली आणि गळतीची सुरुवात तिथूनच झाली. पेटती चूल धुरांड्याची नळी आतून सुकवत असते. ती थांबली की उघड्या तोंडातून आलेला पाऊस विटांत मुरतो. काजळीतले क्षार हवेतली ओल ओढतात, त्यामुळे पाऊस नसतानाही भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. असा डाग पाहून कौले बदलणारे पुष्कळ; डाग मात्र तसाच राहतो.

पाणी खरोखरच बाहेरून येत असेल, तर आधी धुरांडे आणि छपर यांचा सांधा पाहावा. तिथे शिशाचा पत्रा असतो, त्याची वरची कड विटांच्या दरजेत खोचलेली. शिसे उन्हाने बरेच फुगते, म्हणून पत्रा दीड मीटरपेक्षा लहान तुकड्यांत, एकावर एक चढवून बसवतात. एकसंध लांब पत्रा दिसायला सफाईदार, पण तोच आधी चिरतो.

खरा वाद दरजा कशाने भरायच्या याचा. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे घरे चुन्यातच बांधली जात होती. पुढे दुरुस्तीला सिमेंट सर्रास वापरले गेले, आणि पक्केपणाच्या या हौसेनेच जुन्या विटांचे सर्वांत जास्त नुकसान केले. विटेत शिरलेले पाणी चुन्याच्या दरजेतून सुकून निघते. सिमेंट ती वाट बुजवते. अडकलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी थर सुटतो. कोळशाच्या काजळीतले सल्फेट ओलीबरोबर सिमेंटच्या दरजाही फुगवते. पावसाचा मारा ज्या बाजूला जास्त, तिथे फुगवटाही जास्त. म्हणून जुनी धुरांडी एका अंगाला कललेली दिसतात. दरज विटेपेक्षा दुबळीच हवी: झिजायचे ते तिने झिजावे, तिला पुन्हा भरता येते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था अशाच बेताच्या दुरुस्तीचा आग्रह धरत आली आहे.

चुन्याचे काम कडक थंडीत काढत नाहीत. ओला चुना गोठला की भुसभुशीत होतो. भरलेल्या दरजांवर काही दिवस ओलसर गोणपाट ठेवतात. शेवटी नळीच्या तोंडावर टोपी बसवायची, पण हवा खेळेल अशी, आणि खाली चुलाण्याच्या बाजूलाही एक झरोका ठेवायचा.